झोपलेल्यांची बडबड

मी स्विच बोलतोय. दिव्याचं बटण नव्हे. जावा बेटावरच्या एका छोट्या शहरातल्या रक्तपेढीत, भिंतीवरच्या लोखंडी कपाटात, सगळ्या संगणकांच्या वायरी पोटात घेऊन बसलेला स्विच. ज्याचा निरोप त्याला पोचवायचा आणि 'सर्वांना' म्हणून आलेला प्रत्येकाच्या दारी टाकायचा, एवढंच मला येतं. नाही म्हणायला मला कुणी शिकवलंच नाही.

बरीच वर्षं सुखात गेली. काउंटरवर बू एन्दाह, म्हणजे एन्दाहबाई. इस्पितळाची मागणी माझ्यातून तिच्या पडद्यावर उमटली की ती लगेच फ्रीजकडे वळायची.

मग तीन नवे काळे संगणक आले, आणि आमचे साहेब पाक सुरोतो, म्हणजे सुरोतोसाहेब, यांनी फर्मान काढलं. शुक्रवारी नमाजाला जाताना प्रत्येकाने आपला संगणक झोपवून जायचं, वीज वाचते. पुरुष मंडळी मशिदीत गेली की मागे उरायचो बू एन्दाह आणि मी.

संगणक झोपला तरी वायरीजवळचं त्याचं कार्ड जागं असतं, कुणी हाक मारली तर धन्याला उठवायला. या नव्यांची कार्डं मात्र झोपेत बरळू लागली. तेही 'सर्वांना'. एकच निरोप, पुन्हा पुन्हा, दम न खाता. मी वाटत सुटलो. त्या लोंढ्यात इस्पितळाची मागणी अडकून पडली.

फोन वाजला. "बू, मागणी कधीची पाठवलीय. बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये. आहात कुठे तुम्ही?"

"माझ्या पडद्यावर काहीच नाही हो. रक्तगट तोंडी सांगा, मी स्वतः घेऊन येते."

पिशव्यांचा डबा छातीशी धरून ती धावली. बाळंतीण थोडक्यात वाचली.

साहेब परतले, त्यांनी माऊस हलवला, संगणक जागा झाला. बाकीचे दोघेही तसेच. बडबड बंद. नेटवर्क बघणारा मास तेगुह, म्हणजे तेगुहदादा, आला, तोही नमाजाहूनच. एकेका संगणकासमोर बसून त्याने सगळं तपासलं.

"सगळं ठणठणीत आहे, बू. आत्ता रोजेही नाहीत, मग डुलकी कशी लागली?"

"मी झोपले नव्हते."

"मग काय वायरी झोपल्या?"

सगळे हसले. मी जिवाच्या आकांताने दिवे लुकलुकवले. दिवा लुकलुकला म्हणजे काम चालू, अशी त्यांची समजूत.

दर शुक्रवारी तेच. शेवटी साहेब म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून तुम्ही मागे, बाटल्या धुवायला. इथे जागं राहणारं माणूस हवं."

तिच्या शेवटच्या शुक्रवारी तिने माझं कपाट उघडलं. "तू तरी बोल रे बाबा," म्हणाली, आणि माझ्या दिव्यांची वेडी लुकलुक बघतच राहिली. "एरवी किती शांत असतोस. आत्ताच काय झालं तुला?" तिने एकेक वायर उपसायला सुरुवात केली. काळ्या तिघांपैकी तिसरी, साहेबांची वायर निघाली, लुकलुक थांबली आणि मला श्वास आला. पडद्यावर मागणी उमटली. ती तिथेच रडली.

"माझी वायर कुणी काढली?" परतल्यावर साहेब कडाडले.

"मी. तुमचा संगणक झोपेत बरळतो, पाक."

तेगुहने हसत साहेबांचा संगणक चालू केला, वायरी परत लावल्या. जागा संगणक, शहाण्यासारखा गप्प. "बघा बू, काय होतंय?"

"आधी झोपवा, मग लावा."

"कामाच्या वेळेला झोपवू?" साहेब म्हणाले. "पुरे झालं आता."

आज पुन्हा शुक्रवार आहे. काउंटरवर नवी मुलगी बसलीय, बिचारी डोळे ताणून. बू एन्दाह मागे बाटल्या धुतेय. मंडळी जिना उतरून गेली, एकेक पडदा काळा झाला, आणि माझे दिवे थरथरू लागलेत. एक मागणी दाराशी आलीय, तातडीची. मला ती पुढे ढकलता येत नाही.

पाया पडतो, कुणीतरी बू एन्दाहला बोलवा. आणि तपासायला याल तेव्हा आधी माझं कपाट उघडा, त्या तिघांना हात लावू नका, झोपलेलेच राहू द्या.

फोन वाजतोय.