ममीला लागलेला वेळ

खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले तरी बाबा पलंगावरून उतरेनात. हाड तयार होतं, बाबा तयार नव्हते. पुन्हा पडू, एवढं एकच डोक्यात. या आठवड्यात चालले नाहीत तर पुढे कठीण आहे, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून आई हसतमुखाने भांडी आपटत होती.

मला आपलं वाटलं, दुपारी एखादा चालण्याचा सिनेमा लावावा. माझ्याकडे एकच होता. जुना, काळापांढरा. त्यात इजिप्तची एक ममी चालते. दुसरं काहीच करत नाही.

बाबांनी बत्तीस वर्षं कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन लोकांच्या कामाचा वेळ मोजला होता. स्क्रूला किती सेकंद, शिंकेला किती. ममी पेटीतून उठायला लागली, तसे ते उशीला टेकून बसले.

"उठायलाच दोन मिनिटं?"

"तीन हजार वर्षं पडून होती, बाबा."

"म्हणून काय झालं? मी तीन आठवडे..." म्हणाले आणि उशी सरळ करायला लागले.

ममी लांबलचक बोळात शिरली. दुसऱ्या टोकाला नायिका किंचाळत उभी. मागे दार उघडं होतं, पण तिला किंचाळण्यातून सवड नव्हती.

"बोळ केवढा असेल रे?"

"इथून स्वयंपाकघराएवढा."

"निदान तिच्याएवढं तरी चाला," आई दारातून म्हणाली.

"तिच्याएवढं? हिला मी खात्यात एक दिवस ठेवली नसती. उजवा पाय नुसता ओढतेय. वॉकर आण."

मी आणला. आई वाटेतून बाजूला झाली. शाबास म्हणाली असती तर ते परत आडवे झाले असते.

बाबा वॉकर धरून उठले, मी घड्याळ लावलं. मी टीव्हीकडे बघून सांगत राहिलो. "खांबापाशी आली." बाबा कपाटापाशी. "नायिका बेशुद्ध पडली."

"तिचा वेळ धरू नकोस."

शेवटी त्यांनी स्वयंपाकघराच्या चौकटीला हात टेकला. "किती?"

"तीन मिनिटं चाळीस सेकंद."

"आणि ममी?"

"अजून बोळातल्या गालिच्यावर."

बाबांनी मान डोलावली. मग आईला म्हणाले, "पाणी दे गं."

"ग्लास तुमच्या हाताशी आहे," आई म्हणाली. मग ती त्यांच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसली, पाय वर घेतले, आणि ममी नायिकेपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागली.