आधी मुलं, मग आपण

चमचा दातांवर आपटला आणि दूध गहिनीनाथच्या हनुवटीवरून रुमालावर ओघळलं. गौहरने ते पुसलं. पुन्हा चमचा भरला. पुन्हा दात.

तिसरा दिवस.

गहिनीनाथ सव्वीस वर्षांचा. मान सावरता येत नाही, हात मनासारखे वळत नाहीत, शब्द नाहीत. श्रीरामपूरच्या या दिव्यांग मुलांच्या केंद्रात तो रोज सकाळी आईबरोबर यायचा, संध्याकाळी आईबरोबर जायचा. भरवायची तीच. रविवारी ती आई, साळूबाई, मोरीत घसरली, खुबा मोडला. तिला नगरला नेलं आणि त्याला इथे ठेवून घेतलं.

भिंतीला दोरीने बांधलेली वही. गौहरचं अक्षर.

सोमवार. भाकरी-दूध. नाही.
सोमवार दुपार. वरणभात. नाही. ड्रॉपरने पाणी.
मंगळवार. आईचं पातळ खांद्यावर घेऊन बसले. त्याने वास घेतला. खाल्लं नाही.
बुधवार.

बुधवारच्या पुढे काही नव्हतं. पेन उघडंच लोंबत होतं.

डॉक्टर सकाळी सांगून गेले होते. पाचपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर नगरला न्यायचं, नाकातून नळी घालायची. मागच्या वर्षी त्याने नळी ओढून काढली होती. मग हात खाटेला बांधले होते. अकरा दिवस. मनगटांवरचे काळे पट्टे अजून गेले नव्हते.

पावणेचार.

"भाभी, तुमी जरा टेका," मच्छिंद्र म्हणाला. केंद्रातला मदतनीस, चुलीपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत सगळं त्याच्याकडे. "पहाटेपास्नं पान्याचा थेंब न्हाई तुमच्या तोंडात. चक्कर येऊन पडलात तर दोघांना उचलावं लागंल. गाडीत जागा हाय, माझ्या कमरंत न्हाई."

गौहर हसली नाही. अठरावा रोजा होता. जीभ टाळ्याला चिकटली होती.

"साळूबाईंना फोन लावते."

"तिला कळलं तर मोडक्या खुब्यानं खाटंवरून उतरंल ती."

"कळू द्यायचं नाही."

फोन साळूबाईच्या भाचीने, निकिताने उचलला. स्क्रीनवर आधी छताचा पंखा आला, मग साळूबाईचा चेहरा. गौहरने मोबाईल गहिनीनाथच्या समोर धरला.

"गहिन्या! जेवलास का रं?"

"जेवला की," मच्छिंद्र मागून म्हणाला. "लई जेवला. ढेकर दिला मोठा."

साळूबाईच्या डोळ्यांतलं पाणी इथूनही दिसलं. निकिताने चहात बुडवलेलं बिस्कीट तिच्या तोंडात घातलं. तिने चावलं. गिळलं.

गहिनीनाथचं तोंड उघडलं.

गौहरने चमचा उचलेपर्यंत मिटलंही.

"साळूबाई, भरवताना तुम्ही काय करता?"

"काय करनार? कुस्करते आन् भरवते." ती थांबली. "आदी मी खाते. ल्हानपनी त्याला गिळताच येत नव्हतं, तवा खाऊन दावायची. मंग तीच सवय लागली. एक घास मला, एक त्याला. तुमी पन तसंच—"

स्क्रीन गोठली. साळूबाईचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

स्वयंपाकघराच्या दारावर लाल रंगात लिहिलं होतं: आधी मुलं, मग आपण. गौहरनेच लिहिलं होतं, इथे यायला लागली त्या वर्षी. सगळे पाळायचे. मुलांची शेवटची वाटी धुऊन झाल्याशिवाय कोणी घास घेत नव्हतं.

"आवो मंग सोपं हाय की! द्या ती वाटी."

मच्छिंद्रने वाटी घेतली, चमचाभर खाल्लं, मोठ्याने मिटक्या मारल्या. "बघ, गहिन्या. लई ग्वाड." चमचा पुढे केला.

दात.

गहिनीनाथची मान हळूहळू, थरथरत, गौहरकडे वळली. नजर तिच्या ओठांवर होती. तीन दिवस तिला वाटत होतं, हा कुठेतरी भलतीकडेच बघतोय.

"भाभी, रोजा पावणेसातला सुटंल. गाडीवाल्याला मी थोपवून धरतो. चहा पाजतो, भांडन काढतो, कायबी करतो."

"गाडी थांबेल. हा थांबेल का?"

तिने गहिनीनाथचा ओठ बोटाने खाली केला. जीभ पांढरी पडली होती. कोपऱ्यात रक्त सुकलेलं.

नवरा, महमूद, गेल्यापासून दोन वर्षं ती ओट्याशी उभी राहूनच रोजा सोडायची. एक खजूर, पाणी. पुण्याहून परवेझ फोनवर विचारायचा, अम्मी, खाना खाया? ती म्हणायची, खाया.

वाटी तिने मच्छिंद्रकडून परत घेतली.

"या अल्लाह," ती पुटपुटली. एक रोजा ईदनंतर ठेवता येईल. आणि खाल्लं.

कोरड्या घशात भाकरी अडकली. डोळ्यांत पाणी आलं. तिने नेट लावून गिळलं, मग तोंड उघडून त्याला दाखवलं. रिकामं.

त्याचं तोंड उघडलं.

घास आत गेला. गळ्याची घाटी वर सरकली, तिथेच राहिली, खाली आली.

मच्छिंद्रने दाराची कडी आतून लावली.

गौहरने घाईने पुढचा चमचा भरला, त्याच्यापुढे धरला.

दात. नजर तिच्या ओठांवर.

"आता काय झालं याला?"

"आता माझा घास," गौहर म्हणाली.

एक तिने. एक त्याने. एक तिने. दुधाचा ओघळ दोघांच्याही हनुवटीवर. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. मच्छिंद्रने खिडकीतून नुसता हात दाखवला, थांब. वाटीचा तळ लागला, तरी गहिनीनाथ बघतच होता.

"मच्छिंद्रभाऊ, आणखी एक भाकरी कुस्करा."

"बास झालं की, भाभी. तीन दिवसांनी एकदम इतकं नको त्याला."

गौहरने पायाने स्टूल ओढलं आणि दुपारपासून पहिल्यांदा बसली.

"मला," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."