कुमैताचं वर्ष

आमचे हे गेले त्याच दिवशी थोरल्या भाऊजींनी यांच्या कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीच्या तांबड्या घोड्याची आयाळ आणि शेपूट कापून त्याला माळावर सोडून दिलं. धनी गेला की त्याच्या घोड्यावर वर्षभर कोणी बसायचं नाही आणि वर्षाच्या जेवणाला तोच कापायचा, अशी आम्हा कझाकांची रीत. रीतीला मी नावं ठेवत नाही. मला फक्त तो घोडा जिवंत हवा होता.

पण हे सांगणार कोणाला? थोरल्या दिरापुढे लग्न झाल्यापासून मी तोंड उघडलेलं नव्हतं. त्यांचं नावसुद्धा घेत नाही. भांडत होती ती वर्षाच्या जेवणासाठी अल्माटीहून आलेली माझी लेक कामशात, आणि तीही भलतंच.

"काका, ज्यानं बाबांना पाठीवर वागवलं त्यालाच खायचं? लाज नाही वाटत?"

"आणि तुझ्या फ्रिजात काय आहे गं? हिवाळ्यात सॉसेज पाठवलं होतं, ते काय भोपळ्याचं होतं?"

"तो घोडा वेगळा होता."

"वेगळा म्हणजे? त्याला आई नव्हती?" भाऊजींनी चहाचा घोट घेतला. "माझा भाऊ तिकडे पायी चालतोय, पोरी. त्याचा घोडा त्याला पोचवायचाय मला. मग तू क्रूर म्हण, नाहीतर आणखी काही म्हण."

म्हातारा आडमुठा खरा, पण बर्फात वाळलं गवत घेऊन त्या घोड्यामागे वर्षभर तोच हिंडला होता. मला त्याचा रागही धड येईना.

जेवणाच्या दिवशी सकाळी पाहुणे जमले. शेजाऱ्यांनी कुमैताला दोर लावून दारापुढे आणलं, कारण वडीलधाऱ्याची दुवा झाल्याशिवाय जनावर कापत नाहीत. भाऊजी पुढे झाले. डोळे मिटून त्यांनी दोन्ही तळहात छातीपुढे उघडे धरले आणि दुवा म्हणायला लागले.

आमचे हे रोज सकाळी अगदी असेच तळहात पुढे करून कुमैताला दह्याचा वाळवलेला गोळा खायला घालायचे. त्या बिचाऱ्याला दुवेतलं काय कळणार? त्यानं दोराला हिसका दिला, पुढे आला आणि भाऊजींच्या तळहातांत तोंड घातलं. गोळा नव्हता. तरी चाटत राहिला.

भाऊजींचे शब्द थांबले. हात मात्र त्यांनी मागे घेतले नाहीत.

"मूर्खा," ते हळूच म्हणाले, "मी तो नव्हे रे."

त्यांची दाढी भिजली होती. मला राहवलं नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "यांना पायी चालायची भारी आवड होती."

धडधडीत खोटं. हे परसाकडेसुद्धा घोड्यावरून जायचे, आणि ते भाऊजींना माझ्याहून जास्त ठाऊक. माझा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते; माझ्याकडे बघत राहिले.

"होती खरी," शेवटी म्हणाले. "फार चालायचा तो. सोडा याला. कळपातली ती पांढरी घोडी आणा."

कुमैत माळाकडे गेला. पांढरी घोडी आणली. भाऊजींनी पुन्हा तळहात उघडले. कामशातनं माझा हात घट्ट धरला.

घोडी जागची हलली नाही. तिला कधी कोणी हातावर काही दिलंच नव्हतं. या खेपेला दुवा शेवटपर्यंत झाली.