झेंड्याची इस्त्री

दहा मेच्या सकाळी रेव्हनेलांच्या अंगणात कोळशाच्या खड्ड्यावर डुक्कर भाजत होतं. हॅम्प्टन रेव्हनेल व्हरांड्यात बसून झेंड्याच्या काठीला तेल चोळत होते. त्या गावात प्रत्येक घराची अशी काठी असे. हिकरीच्या टणक लाकडाची, बुडाशी घराण्याचं नाव डाग देऊन उमटवलेलं. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिणेत झालेल्या यादवी युद्धात पडलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या थडग्यांवर त्या दिवशी घरोघरचे झेंडे मिरवत नेत. लाल कापड, त्यावर निळी फुली, फुलीत पांढरे तारे.

"सूनबाई, झेंड्याला इस्त्री झाली का?"

"तुमचा झेंडा आहे, तुम्हीच करा बाबा," उत्तरेतल्या ऱ्होड आयलंडहून आलेली प्रुडन्स म्हणाली. "माझे पूर्वज गुलामांना सोडवायला लढले."

हॅम्प्टन हसले. "आणि त्याआधी? तुमच्या घराण्याच्या गिरणीत कापूस कुणाचा यायचा? आमचाच. त्याचंच जाडंभरडं कापड विणून आमच्या गुलामांसाठी इकडे विकायचात. वाटा सगळ्यांचा आहे, पोरी. म्हणजे दोष कुणाचाच नाही."

हे खरं होतं. गिरणीच्या पैशावर प्रुडन्स शिकली होती. तिने इस्त्री तापवली आणि झेंड्याच्या सुरकुत्या काढल्या.

दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पूर्वी गुलामांना पुरत. तिथे नावं नव्हती, नुसते दगड होते आणि दगडांभोवती समुद्राचे शिंपले. त्या गुलामांचा वंशज म्हातारा आयझेया गॅड्सडेन आणि त्याची बायको ओडेसा दरवर्षी नवे शिंपले मांडत. त्या सकाळी प्रुडन्सच्या नवऱ्याने, क्लेटनने, आपला ट्रक नेमका त्या दगडांवर चढवला. चाकांखाली शिंपले कडाकड फुटले.

"क्लेटन, गाडी मागे घे, बाळा," आयझेया म्हणाला. "खाली माझी माणसं आहेत."

"तुझी माणसं आयुष्यभर आमच्या पायाखालीच होती, म्हाताऱ्या."

झेंडे घेऊन जमलेली मंडळी हसली. कुणीतरी शीळ घातली.

"शाळेच्या बसमधून तुला मीच नेलंय. असं बोलायला मी शिकवलं नाही."

क्लेटनने आपल्या घराच्या झेंड्याची काठी दोन्ही हातांनी उचलली आणि मारली. पहिल्या फटक्याने आयझेयाचा जबडा निखळला. दुसरा कानावर बसला. तो गुडघ्यांवर आला, तरी एका हाताने शिंपला चाकाखालून ओढत होता. क्लेटनने त्या हातावर बूट ठेवला आणि काठी मोडेपर्यंत डोक्यात मारत राहिला. इस्त्री केलेल्या कापडाने रक्त शोषलं. ओडेसा किंचाळत मधे पडली, तिला दोघांनी केसांना धरून मागे ओढलं. प्रुडन्स धावत पोचली तेव्हा आयझेया हलत नव्हता.

घरी आल्यावर हॅम्प्टननी काठीचा नाव असलेला तुकडा खड्ड्यातल्या निखाऱ्यांवर टाकला.

"काल चोरीला गेली होती. समजलं ना?"

प्रुडन्सने निखाऱ्यांत हात घातला. कातडी चरचरली. क्लेटनने तिच्या थोबाडीत मारली, हात पिरगाळला. तुकडा तिने सोडला नाही.

"तुझ्या घराण्याची अब्रूही जाईल," हॅम्प्टन दात आवळून म्हणाले. "मी कोर्टात गिरणीचं सगळं सांगेन."

"सांगा. मीही सांगणार आहे."

पोलीस आला तेव्हा जेवणाची पानं मांडलेली होती. आयझेया दवाखान्यात नेताना रस्त्यातच गेला, असं तो टोपी काढून म्हणाला. बाकी सगळे एकच सांगत होते, म्हातारा पाय घसरून पडला.

प्रुडन्सने अर्धवट जळालेला तुकडा मांसाच्या थाळीशेजारी ठेवला. 'रेव्हनेल'मधली पहिली अक्षरं अजून वाचता येत होती.

"कुणाची काठी, मॅडम?"

"आमची. मारलं माझ्या नवऱ्याने. जाळायला टाकली सासऱ्यांनी. झेंड्याला इस्त्री मी केली."

पोलिसाचं पेन थांबलं. "इस्त्रीचं लिहायची गरज नाही. तो गुन्हा नाही."

प्रुडन्सने भाजलेला हात टेबलावर उताणा ठेवला.

"लिहा," ती म्हणाली.