अपेक्षाचे एकच पत्र उरले

मी एक जुना संगणक आहे. कळंबमध्ये कोंडीरामकाकांच्या घरी खिडकीपाशी माझी जागा.

मित्रांनो, काकांची मुलगी अपेक्षा नर्स होऊन परदेशी गेली, तेव्हा मला आणले. संगणकाची कामे करणाऱ्या खालापूरच्या राकेशने ईमेल जोडून दिला. तो म्हणाला, "काका, दोन पद्धती हायत. आयमॅपमध्ये पत्र कंपनीच्या सर्व्हरवर राहतं, कुठूनबी दिसतं. पॉपमध्ये ते इथं उतरतं, तिकडचं पुसलं जातं. सर्व्हरवर तुमची जागा थोडी हाय, पॉपच ठेवू."

"तुला बरं वाटंल ते कर रं," काका म्हणाले.

सहा वर्षे अपेक्षाची पत्रे माझ्यात उतरली. काका ती मोठ्याने वाचत आणि अपेक्षाची आई पुतळाबाई हातातले काम ठेवून ऐकत. त्या वेळी मला फार धन्य वाटे.

पुढे ही पत्रे साठवणारी माझी डिस्क कटकट करू लागली. "दाखवा की कुणाला," पुतळाबाई म्हणाल्या. काकांनी ते आजउद्यावर ढकलले. नंतर गावातले नेट आठवडाभर बंद पडले आणि त्याच आठवड्यात फोन आला. अपेक्षा तापाने गेली होती.

चार महिने मला कोणी हात लावला नाही. शेवटी एका दुपारी काकांनी बटण दाबले, पण माझी डिस्क फिरलीच नाही.

राकेश धावत आला. खोपोलीच्या कारागिरानेही हात टेकले. "माझ्या पोरीची पत्रं काढून दे रं," काका म्हणत राहिले. राकेशने आपल्या मोबाइलवर त्यांचे खाते उघडले. सहा वर्षांचे काहीच तिथे नव्हते. नेट बंद होते त्या आठवड्यातले, माझ्यात न उतरलेले एक पत्र मात्र होते.

"बाबा, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आईला सांगा, मी बरी हाय."

राकेशचे डोळे भरले. "चूक माझी, काका. तिकडं प्रत ठेवायला पायजे होती." त्याने पत्र कागदावर छापून आणले, काकांकडूनच नवा पासवर्ड घालून घेतला आणि मग आपल्या मोबाइलमधले खाते काढून टाकले.

मित्रांनो, पद्धत कोणतीही निवडा, पण आधी तिचा अर्थ विचारा. पॉप घेतलेत तर सर्व्हरवर प्रत ठेवा. आयमॅपमध्येही एका ठिकाणी पुसलेले सगळीकडून जाते, म्हणून वेगळी प्रत हवीच. जोडणी सुरक्षित, म्हणजे वाटेत कुणी पत्र वाचू शकणार नाही अशी, आहे ना, तेही पाहा. आणि आमच्यासारखे जुने यंत्र कुरकुरू लागले, तर त्याच दिवशी लक्ष द्या.

आतल्या खोलीतून आवाज येतो आहे. पुतळाबाई म्हणताहेत, "वाचा ना परत." काका पहिल्यापासून वाचू लागतात. दोनच ओळी आहेत.