दारात आडवी टाकलेली बाज

मी बाज बोलतेय. पलंगावर झोपणाऱ्यांना माझी ओळख असेलच असं नाही, म्हणून सांगते. बाभळीचे चार पाय, चार दांड्या आणि मधे विणलेली दोरी, एवढीच मी. बोलायची मला सवय नाही. आजवर मी फक्त करकरले. माझं म्हणणं मला नीट मांडता येईल की नाही, याची शंकाच आहे. ज्यांच्याविषयी सांगायचं ती माणसं वाईट नाहीत, त्यामुळे सांगावं की नाही हेही कळत नाही. पण न सांगितल्यानं मन हलकं होत नाही, हे मात्र अनुभवानं कळलंय.

माझे पाय घाटंजीच्या एका सुतारानं तासले. दोरी मात्र गोविंदानं वळली. तो तेव्हा दुसऱ्याचं शेत बटाईनं घेऊन कपाशी करायचा आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, अंबाडी लावायचा. ती अंबाडी नाल्याच्या पाण्यात कुजवायची, सोलून वाळवायची आणि उघड्या मांडीवर तिची दोरी वळायची. माझ्या अंगातल्या प्रत्येक दोरीला त्याच्या मांडीची कातडी लागलेली आहे. माझी वीण पुरी झाली तेव्हा मोनाली पाळण्यात होती. धम्मदीप वीण पुरी व्हायच्या आधीच माझ्यावर चढला आणि उड्या मारू लागला. पुढे मोठा झाला तरी त्यानं ते थांबवलं नाही.

ती दोघं वाढली ती माझ्या अंगावरच. माझा एक पाय त्यांनी ढिला केला. क्रिकेट खेळताना मला उभी करून स्टंप केलं, कबड्डीत माझ्यावर कोलांट्या मारल्या. मोनाली तर धावत आली की दारातूनच माझ्यावर झेप घ्यायची. त्यांची आई इंदूबाई दिवसभर त्यांच्या मागे असायची.

"मोने, त्या चिंचेवरून खाली उतर! पडशीन त हात-पाय जोडाले मी येनार नाही."

"पडत नाही वं माय. धम्यादादा वरच्या फांदीवर हाय, तो पडला त पडन."

"माय, भाकर दे," वरून धम्मदीप ओरडायचा.

"आताच त खाल्ली ना रे!"

"ते सकाळची होती."

"अन् आता का संध्याकाळ झाली?"

असं ते घर. मुलं ताडमाड वाढत होती, हात-पाय कुठे ठेवावे हे त्यांना कळत नव्हतं, आणि आईला झोप पुरत नव्हती. मला हे सगळं आवडायचं. आवडायचं, असं निदान आता वाटतं.

मग कापसाला भाव नसलेली ती वर्षं आली. गोविंदानं बटाईचं शेत सोडलं आणि नाशिककडे बांधकामावर गेला. धुऱ्यावर अंबाडी लावणारं कोणी उरलं नाही. माझी दोरी दर उन्हाळ्यात ढिली पडत गेली, पोट खाली लोंबू लागलं. इंदूबाई झोपली की तिची पाठ जमिनीपासून जेमतेम वीतभर वर राहायची. सकाळी ती लोकांच्या वावरातली पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडं, उपटायला जायची, दुपारी चुलीपुरता भारा डोक्यावर घेऊन यायची आणि माझ्यावर अंग टाकताना "माय वं" म्हणायची. ते दोन शब्द मला दर दुपारी ऐकू यायचे. तिची कंबर माझ्यामुळे दुखत होती, की कामामुळे, मी पुष्कळ विचार केला. दोन्हींमुळे असावी.

गोविंदा चौदा एप्रिलला जयंतीसाठी घरी आला. मिरवणुकीची तयारी चालली होती, आणि धम्मदीप ओल्या केसांनी, फुटलेल्या कपाळानं दारात आला. विठ्ठलरावांच्या शेतातली विहीर उन्हाळ्यात अर्धी आटते आणि तिच्या पोटातला खडक वर येतो. गावातली मुलं काठावरून त्याच विहिरीत उड्या मारत.

गोविंदानं आधी जखमेत हळद भरली, मग बोलला.

"इहिरीत खडक उघडा पडला, दिसत नाही का तुले? डोस्कं फुटून तिथंच राह्यला असता, त मले तिकडं फोन आला असता. मी जूनमधी येतो. तोवर हा इहिरीवर गेला असं मले समजलं, त दहावी-बिहावी काही नाही. माह्यासंग साइटवर गिट्टी वाहीन."

धम्मदीप खाली मान घालून उभा. उत्तर इंदूबाईनं दिलं.

"नाही जानार तो. घराले दार एकच हाय. दुपारी मी बाज दारात आडवी टाकून झोपीन. कसा जाते पाहू."

त्या दिवसापासून मी दारात आडवी पडू लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला काम मिळालं, असं मला वाटलं. बसणं-झोपणं तर दगडावरही होतं. पण एका मुलाची शाळा माझ्या भरवशावर होती. कोणी माझ्या अंगावरून जाऊ लागलं की माझा ढिला पाय करकरे. खालून जावं तर लोंबलेल्या दोरीला, म्हणजे आईच्या पाठीला, धक्का लागे. पहिल्या आठवड्यात दोघांनी दोन्ही करून पाहिलं. मी करकरले, इंदूबाई डोळे न उघडता म्हणाली, "धम्या, माघारी फिर." तो फिरला. मला फार अभिमान वाटला.

पुढे एका सकाळी इंदूबाई कामाला गेल्यावर धम्मदीपनं मला अंगणात आणलं. उलटी केली. मला वाटलं, आता पुन्हा क्रिकेट. पण त्यानं पायथ्याची दोरी सोडली आणि एकेक पदर ओढून ताणायला सुरुवात केली. गुडघा दांडीला लावून, दात खाऊन तो ओढत होता. मोनाली सोडलेलं टोक धरून बसली होती. तळहात सोलले तरी तो थांबला नाही. मग बाभळीचा तुकडा तासून त्यानं माझ्या ढिल्या पायात पाचर ठोकली. मी सरळ झाले. पोट वर आलं. इतक्या वर्षांत गोविंदानंतर माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. काय सांगू, त्या पोरावर माझा जीव जडला.

दुपारी इंदूबाई भारा टाकून माझ्यावर बसली आणि एकदम उठली.

"हे कोनं केलं?"

"म्या," धम्मदीप म्हणाला.

"काहून?"

"तुयी पाठ दुखते ना. रोज माय वं, माय वं करत झोपतं."

इंदूबाईनं त्याचे हात हातात घेऊन पाहिले, सोललेल्या जागी तेल लावलं. मग माझ्यावर आडवी झाली आणि "माय वं" न म्हणता झोपली. गाढ झोपली.

आणि तेव्हा माझ्या पोटाखालून आधी मोनाली सरकत गेली. तिच्यामागून धम्मदीप. छातीवर, कोपरांच्या बळावर, सावकाश. ताणलेल्या दोरीखाली आता भरपूर जागा होती. मी करकरायचा प्रयत्न केला. पाय हललाच नाही. पाचर पक्की बसली होती.

बाहेर पोचल्यावर मोनाली तोंडावर हात दाबून हसली. "बापा रे दादा, काय डोकं हाय तुहं!"

"चूप, पोट्टे. चाल."

मी तशीच पडून राहिले. माझ्या अंगावर त्यांची आई झोपली होती, आणि तिच्या झोपेला मीच कारण होते.

पुढच्या बाजाराला इंदूबाई घाटंजीला गेली आणि तिथून गोविंदाला फोन करून आली. शेजारच्या बेबीताईला ती ते अंगणात सांगत होती.

"म्या त्याले सांगतलं, म्हटलं पोरगा सुधरला. कोनी न सांगता बाज ताणली, पाचर ठोकली. मायची पाठ दुखते म्हने! तू आता त्याले धाक नको देऊ. मंग इकडून मी हॅलो हॅलो करून राह्यली, अन् तिकडून आवाजच नाही. रडत होता वाटते."

"माह्या पोट्ट्यानं त साधी बादली नाही भरली आजवर," बेबीताई म्हणाली. "तुह्या पोट्ट्याच्या हाताचं पानी पाज वं त्याले."

दोघी हसल्या. मी ऐकत होते. मला तेव्हाच कोणीतरी मोडून चुलीत घातलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. हे वाटणं योग्य होतं की नाही, कोण जाणे.

मे महिना संपत आला. दररोज दुपारी दोघं खालून जात, ऊन उतरायच्या आत खालूनच परत येत. आणि एक दिवस बेबीताई घाईनं आली.

"इंदे, तुहा पोट्टा इहिरीवर हाय ना वं? माहा सांगते, सगळ्यात उंचावरून तोच उडी मारते म्हने. ते मोनीबी काठावर बसून गिनती करते."

"कायले खोटं बोलतं? मी दारात झोपतो बाई. मुंगी जात नाही."

"मुंगी नसन जात," बेबीताई म्हणाली, आणि आली तशी घाईनं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी इंदूबाई माझ्यावर आडवी झाली, पण झोपली नाही. तिचा श्वास मला ओळखता येतो. आधी मोनाली गेली. मग धम्मदीप. तिनं दोरीच्या जाळीतून खाली पाहिलं. तिच्या अंगाखालून तिच्या मुलाची पाठ जात होती, मधे फक्त मी. तिनं हात घातला असता तर केस हातात आले असते. तिनं हात घातला नाही. तो उंबऱ्याबाहेर गेला, उभा राहिला, कपडे झटकले. ती पाहत राहिली.

ती दोघं परत आली तेव्हा ती माझ्यावर बसलेली होती.

"धम्या, बाज काहून ताणली होती रे तू?"

मला वाटलं, आता तरी खरं सांगेल. मी खरंच तशी आशा धरली.

"सांगतलं होतं ना माय. तुयी पाठ दुखते म्हनून."

मोनाली रडायला लागली. इंदूबाई उठली. मारलं नाही, ओरडली नाही. मला उलटी केली, पाचर दगडानं ठोकून बाहेर काढली आणि दोरी सोडायला बसली. पायथ्याचीच नाही, सगळी वीण. जी गोविंदानं विणली होती तीसुद्धा. धम्मदीप समोर उभा होता, तिनं त्याला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ती पदर उलगडत होती. शेवटी माझ्याजवळ नुसती चौकट उरली आणि तिच्याजवळ दोरीचं मोठं भेंडोळं.

दुसऱ्या दुपारी तिनं तीच दोरी घेतली.

"चाला. पोहाचंच हाय ना? कमरेले बांधा, अन् मी वर धरून बसतो. उड्या माराच्या नाही, पायऱ्यांनी उतराचं."

"माय, सगळे हसन!"

"हसू दे. मलेबी हसलेच."

ती उन्हात विहिरीच्या काठावर बसू लागली. माझी दोरी तिच्या हातात आणि मुलाच्या कमरेला. ओली होऊन संध्याकाळी अंगणातल्या काठीवर वाळत पडायची. आपल्याच अंगाचा भाग असा लांब लोंबताना पाहणं मला कठीण गेलं. इंदूबाईची दुपारची झोप त्या दिवसापासून गेली. रात्री ती जमिनीवर झोपे.

जूनमध्ये गोविंदा आला. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. त्याचं पहिलं लक्ष माझ्याकडेच गेलं.

"बाजेले काय झालं?"

"जुनी झाली," इंदूबाई म्हणाली. "दोरी सैल पडे, पाय करकरे. झोपनं मुश्कील. काढून टाकली."

त्यानं माझ्या पायावर हात फिरवला. मग मुलाकडे वळला.

"इहिरीवर गेलता का रे?"

धम्मदीपनं तोंड उघडलं. काय बोलणार होता, मला माहीत नाही. त्याच्या आधी इंदूबाईच बोलली.

"नाही गेला. मी दारातच झोपत होतो ना बाज टाकून. सांगतलं होतं फोनवर."

"मग ठीक. दहावी कर," गोविंदा म्हणाला, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

मुलाची शाळा वाचली. ती वाचायला हवी होती, हे मलाही पटतं. इंदूबाईनं दुसरं काय करायला हवं होतं, ते मला सांगता येणार नाही. तरी, ज्या माणसानं माझी दोरी आपल्या मांडीवर वळली, त्यालाच माझं नाव घेऊन फसवलं गेलं. पोरानं मला वापरलं ते पोरपणी. आईनं मला वापरलं ते जाणूनबुजून, माझ्यासमोर. पोरापेक्षा तिचं मला जास्त लागलं. तिच्या पाठीचं दुखणं मी इतकी वर्षं ऐकलं होतं.

गोविंदा परत गेला. शाळा सुरू झाली. माझ्यावर आता कोंबड्या बसतात. परवा धम्मदीप नायलॉनची नवी दोरी घेऊन मागे आला, मला आडवी केली आणि पहिला पदर दांडीला बांधला. इंदूबाई दारातून पाहत होती.

"कायले विणतं?"

त्यानं मान वर केली.

"असंच," तो म्हणाला.

"असंच," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानं बांधलेली गाठ सोडली, दोरी माझ्या चौकटीत ठेवली आणि दप्तर घेऊन निघून गेला. कदाचित त्याच्या मनात खरंच काही नसेल. कदाचित त्याला आईला झोपलेली पाहायचं असेल. पूर्वी मला त्याच्या हातांवरून कळलं असतं, आता कळत नाही. तिलाही कळत नाही.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातल्या मुलाला माझ्यासारखी एखादी वस्तू दुरुस्त करावीशी वाटली, तर त्याला करू द्या. पण त्याच्या मनात काय आहे ते, तुम्हाला दुसरी काही भीती नसेल अशा वेळी, त्याच्याजवळ बसून विचारा. आमच्या घरी ते विचारायला उशीर झाला. दोरी इथेच पडली आहे. धम्मदीप, तू पुन्हा आलास तर मी अंग देईन, बाजेला दुसरं काही करता येत नाही. पण तुझी आई माझ्यावर झोपेल की नाही, ते मी तुला सांगू शकत नाही.