चाळीस वेळा पाहिलेला देश

सर्जनबाईंनी चौदाव्यांदा प्लॅन बदलला तेव्हा मी फोन ठेवला आणि टेबलावर असा काही हात आपटला, की पलीकडे बसणारी आमची तिकीटवाली दचकून उभीच राहिली.

"काय झालं, मॅडम?"

"काही नाही. उशी बदलली."

खरंच उशी बदलली होती. बोटीवरच्या उशा पिसांच्या असतात हे बाईंना कुठूनसं कळलं होतं. त्यांच्या ग्रुपमधल्या अकरापैकी तिघांना पिसांनी शिंका येतात, म्हणून तीन उशा कापसाच्या हव्या होत्या. ठीक आहे, उशांचं समजू शकते. पण त्याच फोनवर त्यांनी मोठं देऊळ चौथ्या दिवसावरून सहाव्यावर ढकललं, संग्रहालय दुपारचं सकाळी केलं, आणि वर म्हणाल्या, "बाकी सगळं तसंच राहू द्या हं, फार काही बदल नाहीये." फार काही नाही म्हणे! देऊळ हललं की बोट हलते, बोट हलली की गाड्या हलतात, आणि माझं डोकं तर केव्हाच जागेवरून हललेलं असतं.

आमची कंपनी लहान, पण सहली राजेशाही. नुसतं देवळं दाखवून आणायचं काम आम्ही करत नाही. नदीतून सहा खोल्यांची खाजगी बोट, जेवणाच्या टेबलावर शेजारी पुरातत्त्वाचे प्राध्यापक, आणि सगळ्यांत मोठं आकर्षण म्हणजे डोंगराच्या पोटात कोरलेली राणीची कबर. ती पहाटे, गर्दी सुरू व्हायच्या आधी, फक्त आमच्यासाठी तासभर उघडतात. ही सोय मी मिळवलेली आहे. तिथल्या पुरातत्त्व खात्याला तीन वर्षं पत्रं लिहून लिहून मी त्या लोकांच्या नाकी नऊ आणले, तेव्हा कुठे ते हो म्हणाले.

त्या देशाच्या सहली आखायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. मोठ्या देवळाच्या कितव्या खांबामागे सावली असते, कुठल्या फाटकाचा पहारेकरी तोंडाळ आहे, राणीच्या कबरीला पायऱ्या किती, हे मला झोपेतून उठवून विचारा. पायऱ्या एकतीस. अठराव्या पायरीवर कपाळ सांभाळायचं.

आणि मी तिथे एकदाही गेलेले नाही.

हसू नका. माझं मलाच इतकं हसून झालंय, की आता राग येतो. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं, "तुम्ही स्वतः पाहिलंय का हे सगळं?" मी तोंड उघडायच्या आत आमचे साहेब म्हणाले, "पाहिलंय काय विचारता? अहो, मॅडमचं तिथे माहेरासारखं येणं-जाणं आहे!" मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू! गिऱ्हाईक माझ्याकडे असं काही आदराने बघायला लागलं, की मीही मान डोलावली. तिथेच माती खाल्ली. त्यानंतर साहेब दर वर्षी आकडा वाढवत गेले. पाच वेळा, बारा वेळा, पंचवीस वेळा. सध्या मी चाळीस वेळा जाऊन आलेय.

प्रत्यक्षात सहल तिकडे गेली की इथला फोन सांभाळायला कोणीतरी लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे मी. "तुम्ही गेलात तर इथे बघणार कोण?" हे साहेबांचं पालुपद. एकदा बॅगसुद्धा भरली होती, तर माझी जागा ऐनवेळी विकली गेली. दोन पासपोर्ट कोरेच्या कोरे मुदत संपून गेले. आणि या सगळ्यात चिडचिड कशाची होते सांगू? सहलीहून परत आलेली माणसं पेढ्यांचा बॉक्स घेऊन ऑफिसात येतात, डोळे नुसते चमकत असतात, आणि समोर बसून म्हणतात, "तुम्हाला काय सांगायचं, मॅडम! तुम्हाला तर माहीतच आहे." आणि खरंच काही सांगत नाहीत. मी विचारणार कशी? चाळीस वेळा गेलेल्या बाईने विचारायचं तरी काय?

पण या वेळी मी जाणार होते. सर्जनबाईंचा ग्रुप अकरा जणांचा होता. बोटीवर जागा बारा. साहेबांनी तिकीटवालीच्या देखत शब्द दिला होता, "बारावी जागा मॅडमची. ग्रुपच्या सोबतीला कोणीतरी अनुभवी हवंच." नवा पासपोर्ट तयार होता. सासूबाईंनी तर अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "काय, कधी निघताय?" नवरा रोज चिडवायचा, "तिथे गेल्यावर पहारेकऱ्याला तूच रस्ता दाखवशील बघ." मी वरवर फटकारायची त्याला. मनातून मात्र पायऱ्या उतरत असायची.

म्हणून तर सर्जनबाईंचे चौदा बदल मी मुकाट्याने गिळले. एरवी मी कोणाच्या बापाचं ऐकून घेणारी नाही.

निघायला तीन आठवडे राहिले असताना शेवटची बैठक झाली. साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं. साहेब, मी, सर्जनबाई, आणि त्यांच्याबरोबर एक अगदी त्यांच्याच चेहऱ्याच्या, पण हळू आवाजाच्या बाई. "ही माझी धाकटी बहीण," सर्जनबाई म्हणाल्या. धाकटी म्हणजे साठीची असेल. पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली होती.

मी प्लॅनचे कागद पसरले. पंधरावी आवृत्ती. राणीच्या कबरीचं पान आलं तेव्हा नेहमीप्रमाणे माझी गाडी सुटली. "पायऱ्या उतरलात की लगेच पुढे पळायचं नाही. उजव्या भिंतीशी थांबायचं. राणीचा चेहरा तिथे पहिल्यांदा दिसतो. साडेसहा ते पावणेसात उन्हाची तिरीप थेट त्या चेहऱ्यावर येते. मग कितीही थांबा, नाही येत."

धाकटी ऐकता ऐकता पुढे सरकली होती. सर्जनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ऑपरेशनची तारीख सांगावी तशा थंडपणे म्हणाल्या, "हिला यायचंय."

"अरे वा!" साहेब म्हणाले.

"जागा नाहीये," मी म्हणाले. "प्राध्यापक सोडून बोटीवर बाराच जण. खातं कबरीतही बाराच सोडतं."

"हो ना. म्हणून तर समोरासमोर बोलायला आले. तुमची जागा हिला द्या. तुम्ही चाळीस वेळा पाहिलंय सगळं. एक खेप नाही गेलात तर काय बिघडलं? हिने कधी घराबाहेर पाऊल टाकलं नाही हो. आधी सासरे अंथरुणाला, मग नवरा. आता मोकळी झाली."

त्यात चूक काय होती, सांगा. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते. मी साहेबांकडे पाहिलं. म्हटलं, आता तरी हा माणूस बोलेल. साहेबांनी खुर्चीत रेलून हात पसरले. "अगदी बरोबर! मॅडमना काय त्याचं कौतुक? त्यांना तर आता कंटाळा आलाय."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तोंडातून बाहेर पडलं.

"मी एकदाही गेलेले नाही."

रेललेली खुर्ची सरळ झाली. मग साहेब मोठ्याने हसले. "मॅडमचे विनोद म्हणजे!"

"विनोद नाही, साहेब. मी त्या देशात पाऊल ठेवलेलं नाही. माझा पासपोर्ट आणून दाखवते. कोरा आहे."

आणि सर्जनबाईही हसायला लागल्या! अगदी मनापासून. "काहीतरीच! उन्हाची तिरीप कुठे पडते ते मिनिटांसकट सांगताय, आणि म्हणे गेले नाही. पासपोर्ट काय, मुदत संपली की माझाही नवा आला. तुम्हाला जागा सोडायची नाहीये, तर सरळ सांगा ना. मी काही वाईट वाटून घेणार नाही."

आता यावर काय बोलायचं, डोंबल? खोटं बोलले तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. खरं बोलले तर विनोद झाला, आणि वर मीच हावरट ठरले. सगळं मी कबरीच्या पहारेकऱ्याशी फोनवर त्याच्या भाषेत मोडकंतोडकं बोलबोलून, लोकांचे फोटो भिंग लावून बघून, आलेखाच्या कागदावर नकाशे काढून जमवलंय, हे आता सांगून कोणाला पटणार होतं? माझं काम चोख होतं, हाच माझा गुन्हा.

धाकटी घाईघाईने म्हणाली, "ताई, असू दे ना. त्यांना जायचं असेल तर जाऊ दे. मी पुढच्या वर्षी..." आणि तिने पर्स आणखी घट्ट धरली. पुढचं वर्ष म्हणजे काय असतं, ते मला कोणी शिकवायला नको.

"जा तुम्ही," मी म्हणाले आणि बाराव्या ओळीतलं माझं नाव खोडलं. मोठेपणाने नाही, सांगून ठेवते. रागाने. मागून साहेब म्हणाले, "पुढच्या सहलीला नक्की हं, मॅडम." मी त्यांच्याशी चार दिवस कामापुरतंच बोलले. लिफ्टमध्ये कोणी विचारलं की माझ्या आधी सासूबाईच म्हणायच्या, "तिला रजा नाही मिळाली." नवऱ्याचं चिडवणं बंद झालं. ते तर फारच लागलं.

सहल गेली. सातव्या दिवशी सकाळी दहाला मी येऊन बसतेच आहे, तोवर फोन वाजला. तिकडे साडेसहा. कबरीचा दिवस.

"मॅडम!" सर्जनबाईंचा आवाज टिपेला. "प्राध्यापक पोट धरून बोटीवर झोपलेत. पहारेकऱ्याने दार उघडलंय, त्याची भाषा कोणाला कळत नाही. तासच आहे आपल्याकडे. आता काय?"

"काही घाबरू नका. फोनचा स्पीकर लावा आणि माझं ऐका." पहिल्या दालनापर्यंत फोन लागतो, हे मला पहारेकऱ्यानेच कधीतरी सांगितलं होतं. मी डोळे मिटले. "दारात उभे आहात? उतरा. डावा हात कठड्याला. मोजत चला. अठरावर डोकं खाली." फोनमधून बारा जणांच्या चपला-बुटांचे आवाज येत होते. कोणीतरी मोठ्याने मोजत होतं. एकतीस झाल्यावर मी म्हटलं, "आता उजवीकडे वळा. थांबा. बघा."

एकाच वेळी सगळ्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी पहिल्यांदाच ऐकला. फोटोत तो येत नाही.

पुढचं मी आधीच सांगून ठेवलं. दुसऱ्या दालनात तारे रंगवलेलं छत, तिसऱ्यात राणीची पेटी. सगळे आत निघाले. फोन मात्र धाकटीच्या हातात राहिला. "माझे गुडघे बोलायला लागलेत," ती म्हणाली. "मी इथेच बसते चेहऱ्यासमोर. तुम्ही सांगितलंत तस्संच आहे हो सगळं. तिरीपसुद्धा. इतक्या वेळा पाहून तुम्हाला याचा कंटाळा कसा येतो?"

"मी पाहिलेलं नाही," मी म्हणाले. या वेळी आवाज चढला नाही. चढवायला रागसुद्धा उरला नव्हता.

पलीकडे पर्स खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, "त्या दिवशी म्हणालात ते... खरं होतं?"

"खरं होतं."

"अगं बाई! आणि मी तुमच्या जागेवर..."

"ते सोडा. तुम्ही आहात ना तिथे? मग फोन ठेवू नका. मला सांगा. कसं आहे?"

तेवढ्यात साहेब दारात आले. भुवया उंचावून विचारायला लागले, काय, सगळं ठीक ना? मी त्यांना हातानेच बाहेर जायला सांगितलं. ते उभेच राहिले, तेव्हा रिसीव्हरवर हात ठेवून म्हटलं, "जरा गप्प बसता का? मला ऐकू द्या." ते गेले.

"मला काही तुमच्यासारखं सांगता येत नाही हं," धाकटी म्हणाली. "निळा रंग आहे, तुम्ही लिहिलाय तो, पण तसा निळा नाहीये. मी असा कुठे बघितलाच नाही, तर काय म्हणू? वास येतोय, खूप दिवस बंद असलेल्या कपाटासारखा. आणि गार आहे हो इथे. मी शाल घेतलीय अंगावर."

एकोणीस वर्षं मी लोकांना लिहून देतेय, टोपी न्या, पाणी न्या, सुती कपडे घाला. आत गार असतं हे मला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नाही, कारण मी कोणाला विचारलंच नव्हतं.

"आणखी?" मी म्हटलं.